निळ्या झुलीचा घोडा

मित्रांनो, घोडदळाच्या लढाईचे एक जुने, नामांकित चित्र म्हणून लोक मला ओळखतात. मी स्वतःला खोटा साक्षीदार म्हणून ओळखते.

फ्लोरेन्समध्ये पॉप्लरच्या फळ्या जोडून माझा देह घडला. माझे चित्रकार माएस्त्रो वेन्तुरा अंड्याच्या बलकात रंग कालवत. तरुण चेहऱ्यांसाठी शहरी कोंबड्यांची फिकट बलकाची अंडी, रापलेल्यांसाठी खेड्यातली. एवढी काटेकोर सत्यनिष्ठा गालांच्या रंगापुरतीच होती.

मला रंगवून घेणारे सरदार मेस्सर गेरार्दो त्या लढाईतून तुकडीसह पळाले होते. माझ्यात मात्र ते सर्वांच्या पुढे आहेत. उजव्या कोपऱ्यात एक पळणारा घोडा हवा होता.

"याच्यावर कुणाची झूल घालू?" माएस्त्रोंनी विचारले.

"अर्रिगोची. निळी, पांढऱ्या बगळ्याची. तो त्याच लढाईत मेलाय ना? मेलेला माणूस कुरकुरत नाही."

आमच्याकडे चेहरा कोण पाहतो? झुलीवरच्या चिन्हावरून घराणे ओळखायचे. मी दिवाणखान्यात टांगले गेले आणि गावाने निकाल दिला: अर्रिगो भित्रा. त्याची बहीण तान्चा हिचे ठरलेले लग्न मोडले.

त्यांची आई मोन्ना बीचे माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माएस्त्रो, मी धुतलंय त्याला. सगळे घाव छातीवर होते. पाठीवर ओरखडासुद्धा नव्हता हो!"

"मोन्ना, अंड्याचा रंग वाळला की निघत नाही."

"मग वरून दुसरा चढवा की! का तुमच्या कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलं?"

माएस्त्रो मालकांकडे पाहू लागले. मेस्सर गेरार्दो हसले. "बाई, चित्र बघायचं असतं, त्याच्याशी भांडायचं नसतं."

तिने अंगठा थुंकीने ओला करून बगळा घासला, पुन्हा पुन्हा घासला. माझा रंग पक्का निघाला. त्या पक्केपणाची लाज मला आजही सोडत नाही. तान्चा मठात गेली.

पुढे चिलखतांवरचा चांदीचा वर्ख काळा पडला. मेस्सर गेरार्दो आता कोळशाच्या ढिगासारखे दिसतात. निळी झूल तेवढी ताजी आहे. विद्वान तिथेच थबकतात आणि पाठमोऱ्या घोड्याने साधलेला खोलीचा भास वाखाणतात. एका मुलाची बदनामी ही माझी कीर्ती आहे.

मित्रांनो, ऊन, ओल आणि वाळवी यांपासून मला जपा. मी नाहीसे झाले तर आरोप उरेल आणि तो कोणी रचला, हे विचारायची सोय राहणार नाही. पण त्या कोपऱ्यासमोर उभे राहाल तेव्हा घोड्याचे कौतुक करण्यापूर्वी एकदा मोठ्याने म्हणा, अर्रिगो पळाला नव्हता. मला तोंड नाही.