आरोहीचा उजवा हात

पुष्पाच्या घरात दोन माणसं जन्मापासून बहिरी. दीर जानकू आणि दहा वर्षांची लेक आरोही. शेजारच्या मोहिनीची लेक तेजस्विनीही तशीच. मेंढरांमागं फिरताना जानकूनं स्वतःपुरत्या खुणा बसवल्या होत्या. गालावरून पंजा ओढला की बिबट्या, मग तो असेल तिकडं बोट. पोरींनी त्याच खुणा उचलल्या, पण दोघी एकत्र खेळायला लागल्यापासून त्यांचे हात इतके झरझर चालायचे की पुष्पाला निम्मंच उमगे. पंज्याची आता नुसती दोन बोटं झाली होती.

पौषात अवसरीच्या शिवारातली दोन कुत्री बिबट्यानं नेली. एका दुपारी आरोही धापा टाकत चुलीपाशी आली. तिनं दोन्ही तळहात उभे धरले, मधून वाट दाखवली. म्हणजे घरामागची उसाची दोन शेतं. मग गालाला दोन बोटं लावून ती उजवीकडं नेली.

पुष्पा समोर उभी होती. तिला तो हात डावीकडं दिसला. डावीकडं ओढ्याचा ऊस, उजवीकडं विहिरीचा.

ती बांधावर धावली, पदर हलवून जानकूची नजर वळवली, पंजा ओढला, ओढ्याकडं बोट केलं. जानकूनं मान डोलावली आणि मेंढरं विहिरीच्या उसाकडं हाकली.

मागून आलेल्या आरोहीनं आईचं बोट धरून जोरानं विहिरीकडं वळवलं. पुष्पा बांधावरून धावत सुटली.

"भाऊजी!" ती ओरडली. जानकूची पाठ होती.

पाचट करकरलं. मेंढरं उधळत परत आली. जानकू आला नाही.

लोकांनी त्याला उसातून बाहेर ओढलं तेव्हा धुगधुगी होती. महिन्यानं तो मंचरच्या दवाखान्यातून घरी आला, पण उजवा हात लोंबतच राहिला. त्याच्या निम्म्या खुणा त्या हाताबरोबर गेल्या.

"पोरीनंच उलटं सांगितलं आसंल," मोहिनी म्हणाली.

"न्हाई. तिचं बरोबर व्हतं. मी समोरून बघितलं."

वनखात्याचा पिंजरा रिकामाच राहिला. ऊसही उभाच. एका संध्याकाळी पोरी मागच्या ओट्यावर बोलत होत्या. गालावर दोन बोटं, त्यामागं सरकणाऱ्या दोन छोट्या मुठी, पुढं उभा तळहात. पुष्पानं अंदाज बांधला नाही. ती आरोहीच्या शेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून बसली आणि पुन्हा सांग म्हणून खुणावलं.

आरोहीनं सगळं सावकाश केलं: बिबट्याची मादी, तिच्यामागं दोन पिल्लं. शेवटचा तळहात या वेळी ऊस नव्हता; तो तिनं घराच्या मागच्या भिंतीवर टेकवला.