टेबलाखालचा कॅमेरा

"पडदा ओढ गं, उजेड येतोय," बाबा म्हणाले. मुलीने उठून पडदा ओढला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. फोटो काढून घ्यायला बसावं तसे ते ताठ बसले होते.

मुलगी चित्रपट करायची, पण गोष्ट नसलेले. त्यांत माणसं गुडघ्यापासून खालीच दिसत, नाहीतर नुसत्या खुर्च्या दिसत आणि बोलणं कुठून तरी ऐकू येई. पहिल्या चित्रपटाची थोडीफार वाहवा झाली, तेव्हा एका मुलाखतीत तिला विचारलं होतं, तुमच्यावर प्रभाव कुणाचा? तिने परदेशी दिग्दर्शकांची नावं धडाधड सांगितली. खरा प्रभाव घरातच होता, पण तो सांगायची लाज वाटली.

बाबांचा वेंधळेपणा घरात प्रसिद्ध होता. हौसेने व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि तो बंद करायला मात्र कायम विसरले. वाढदिवस असो की पाहुणे, कॅमेरा खाली कुठेतरी ठेवून द्यायचे आणि मग टेपभर टेबलाचे पाय. आत्या म्हणायची, "दादाच्या सिनेमात हिरो म्हणजे आमच्या चपला!" आई गेल्यावर ही थट्टा आपोआप थांबली. एकाही टेपमध्ये तिचा चेहरा नव्हता, नुसता आवाज.

नवा चित्रपट त्या टेपांचाच होता. संध्याकाळपर्यंत तो महोत्सवाला पाठवायचा होता, पण बाबा नको म्हणाले तर नाही, हे तिचं ठरलेलं होतं. आपल्या चुकीचं प्रदर्शन मांडलं, असं त्यांना वाटलं तर? 

लॅपटॉपच्या पडद्यावर टेबलाचे पाय आले, चपला आल्या. आत्या काहीतरी बोलली आणि आई खळखळून हसली. बाबा पुढे वाकले ते चित्रपट संपेपर्यंत तसेच राहिले.

"तुमची चूक वापरली मी," मुलगी म्हणाली. "राग आला?"

"चूक कसली, ठमे? कॅमेरा दिसला की तुझी आई गप्प व्हायची. म्हणून मी लाल दिव्यावर काळी पट्टी चिकटवायचो आणि द्यायचो ठेवून."



"सगळे तुम्हाला हसायचे. तेव्हा बोलला का नाहीत?"

"तीही हसायची ना. तेच तर हवं होतं मला." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "पण फसवलंच की मी तिला. घरात ठीक होतं, लोकांसमोर नको. तिला कुणी विचारलंय?"

मुलीला रडू आलं. लॅपटॉप मिटायला तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबली. कापून बाजूला ठेवलेले तुकडे उघडून त्यांतला एक तिने लावला.

"वहिनी, दादा कॅमेरा चालूच ठेवून गेला बघ, टेप फिरतेय," आत्याचा आवाज आला. "बंद करू?"

"राहू दे गं," आई म्हणाली. "विसरलेत कुठले!"

मग खुर्ची सरकली आणि आईचे पाय कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले.

बाबा पुन्हा पुढे वाकले.

"हे का कापलंस?"

"आवाज फार जवळून येत होता."

"जोड ते परत," बाबा म्हणाले, "आणि मग पाठव."