गौराबाईवर एक ओळ

"कंट्रोलर, एक इनंती हाय. माझ्यावर काय लिव्हू नगासा."

दुकानदार जोतीरामनं साखरेची पुडी बांधता बांधता हे सांगितलं आणि दुकानातली गिऱ्हाईकं वळून बघू लागली. महांतेश हुक्केरी ओशाळून हसले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "माझ्या चुलत्यावर लिव्हा की वो! वाटण्या आडल्यात." हशा पिकला. पण हसता हसता सगळे हुक्केऱ्यांपासून हातभर लांब सरकले, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

हुक्केरी जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, एवढंच बोलण्यात नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर बायकोला, गौराबाईला घेऊन ते पन्हाळ्यावर दोन खोल्यांत राहायला आले. बंगळूरहून मुलानं जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि ब्लॉग काढून दिला. साल दोन हजार आठ. तेव्हा हे खूळ नवंच होतं. म्हाताऱ्याचा वेळ जाईल, एवढाच मुलाचा हेतू. पण जन्मभर फलाट सांगणाऱ्या माणसाला वाचा फुटली आणि ती थांबेना. पर्यटक येतात, गड बघतात, झुणका-भाकर खाऊन जातात. इथं राहणारी माणसं कुणी बघत नाही, म्हणून हुक्केरी एकेका माणसावर लिहू लागले. पुण्यामुंबईचे, अगदी अमेरिकेतलेही लोक वाचून वाहवा करायचे.

घोळ घातला तो हौसेनं. ज्याच्यावर लिहिलं, त्याला ते त्याची प्रिंट नेऊन द्यायचे.

पहिला सयाजी, कणसं भाजून विकणारा. त्यानं एका गिऱ्हाइकाकडून वाचून घेतलं आणि बराच वेळ निखाऱ्यांकडं बघत बसला. "समदं लिव्हलंसा की," तो म्हणाला. "आता माझ्याकडं काय ऱ्हायलं न्हाय." आठवडा गेला नसेल, सयाजी झोपेतच गेला. मग पर्यटकांना गड दाखवणारे गणपतराव. "झ्याक लिव्हलंय," ते म्हणाले, "पर आता मी सांगू काय लोकांस्नी?" ते पुन्हा गड दाखवायला गेलेच नाहीत, आणि महिन्याच्या आत त्यांनाही पोचवून यावं लागलं. मग दहीवाली धोंडुबाई.

सगळी सत्तरीच्या पुढची माणसं. डॉक्टर म्हणाले, वय. हुक्केऱ्यांनीही मनाला तेच समजावलं. तरी जिवाला चैन पडेना, म्हणून त्यांनी दारासमोरच्या जांभळीवर लिहून बघितलं. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी झाड मुळासकट आडवं पडलेलं. ना वारा, ना पाऊस. नुसतं धुकं होतं.

तेव्हापासून ते फक्त धुक्यावर लिहीत. धुक्याला काही होत नव्हतं. उलट ते वाढतच चाललं होतं. खिडकीतून आत यायचं आणि कॉम्प्युटरच्या काचेवर बसायचं.

गौराबाईचा यातल्या कशावर विश्वास नव्हता. "तुमच्या लिवण्यात येवढी ताकद आस्ती," ती म्हणायची, "तर जयसिंगपुरातनं गाड्या येळंवर सुटल्या आसत्या की!" तिचं दुखणं निराळंच होतं.

"कणसंवाल्यावर लिव्हलंसा, दहीवालीवर लिव्हलंसा. माझ्यावर एक ओळ न्हाय. झाडापरास बी कमी हाय व्हय मी?"

"भ्या वाटतंय मला, गौरा."

"मग कवा लिव्हणार? मेल्यावर?"

हुक्केऱ्यांनी मान खाली घातली. तिच्यावर लिहायचं इतकं होतं की पोटात मावत नव्हतं, हे तिला कसं सांगणार? एका संध्याकाळी ते धुक्यावर लिहायला बसले आणि बोटांनी 'गौरा' असं उमटवलं. मागोमाग वाक्यं येऊ लागली, कुणीतरी कानाशी बसून सांगावं तशी. सयाजीच्या वेळीही अशीच आली होती. आतल्या खोलीत गौराबाईला ठसका लागला. तो थांबेना. हुक्केऱ्यांनी उठून वायरच उपटली. ठसका थांबला.

"काय झालं वो?" तिनं आतून विचारलं.

"लाईट गेली."

दोन्ही खोल्यांत दिवे जळत होते. तिनं उठून आतला मालवला.

मग सुष्मिताचा मेल आला. पुण्याची मुलगी, ब्लॉग नेमानं वाचणारी. भेटायला येते म्हणाली. गौराबाईनं ठेवणीतली इरकल काढली. भडंग केलं, कपबशा पुन्हा घासल्या. कुणीतरी आपल्याला बघायला येणार, याचाच तिला आनंद झाला होता.

सुष्मिता आली तेव्हा दारापुढचा रस्ताही दिसत नव्हता. तिच्या गळ्यात कॅमेरा होता. "काका, मीपण ब्लॉग लिहिते. परत गेले की मोठी पोस्ट टाकणार. तुम्ही, तुमचं घर, सगळं!"

"माझ्यावर लिही खुशाल," हुक्केरी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

तेवढ्यात गौराबाई चहा घेऊन आली. चहा ठेवून, पदर सारखा करून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"अय्या, या कोण? ब्लॉगवर कधी उल्लेखच नाही! आम्हाला वाटायचं, तुम्ही एकटेच असता." सुष्मितानं कॅमेरा उचलला. "काकू, नाव काय तुमचं?"

गौराबाईनं नाव सांगायला तोंड उघडलं. तिच्या घशाशी ठसका आल्यासारखं हुक्केऱ्यांना वाटलं.

"शेजारच्या आहेत त्या," ते घाईनं म्हणाले. "चहापाण्याला येतात. मी एकटाच असतो. त्यांचा फोटो नको, नाव नको, काही लिहू नको."

गौराबाईनं नवऱ्याकडं बघितलं. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिला सगळं कळलं होतं, आणि कळूनही लागायचं ते लागलंच होतं.

"व्हय," ती म्हणाली. "शेजारचीच हाय मी. पोरी, साखर बरुबर हाय न्हवं?"

मुलीनं मान हलवली आणि कॅमेरा खाली ठेवला. गौराबाईनं दोघांचा चहा पिऊन होईपर्यंत वाट बघितली, कप आत नेऊन विसळले, हात पुसले आणि चपला घातल्या. शेजारीण म्हटल्यावर तिनं घरी जायलाच हवं होतं.

"येतो मी, अण्णा," ती म्हणाली. "घरात वाट बघत आसतील."

आणि ती धुक्यात उतरली. इरकलीचा काठ दोन पावलं दिसला, मग तोही दिसेनासा झाला. या गावात तिला जायला दुसरं घर नव्हतं. हुक्केरी उंबऱ्यापर्यंत धावले. हाक अगदी ओठांवर आली होती. पण हाक मारायची तर नाव घ्यावं लागलं असतं.

"काका," सुष्मितानं मागून विचारलं, "एवढ्या धुक्यात एकट्याला भीती नाही वाटत?"

"वाटते," हुक्केरी म्हणाले, आणि चपलांचा आवाज अजून येतो का, ते ऐकत दारातच उभे राहिले.