झाकणावरच्या आरशाने पाहिलेले

"आजींच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. महिनाभरात नागपूरला दाखवून आणा," असं स्मिता नर्स उर्मिलाला म्हणाली, तेव्हा मी लीलाबाईच्या कनवटीला खोचलेली होते. मी सगळं ऐकलं. उर्मिलानंही ऐकलं. पण तिच्या कडेवर तीन महिन्यांची छाया रडत होती, तिला नुकतंच ट्रिपल लसीचं इंजेक्शन टोचलं होतं. नर्सनं दिलेली चिठ्ठी उर्मिलानं छायाच्या लसीच्या कार्डात घडी करून ठेवली आणि सासूला म्हणाली, "आई, बघू पुढच्या महिन्यात. आधी हिला ताप नको यायला."

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. भंडाऱ्याच्या एका कारागिरानं मला ठोकून घडवलं. पोटात दोन खण केले, एक तंबाखूचा आणि एक चुन्याचा. तंबाखूच्या झाकणावर आतून त्यानं जुन्या रुपयाएवढा आरसा बसवला. लीलाबाईचं लग्न झालं त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, श्रावणनं, मला पांढुर्ण्याच्या बाजारातून आणलं. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. माझ्यावर तिचा भारी जीव. दर रविवारी ती मला चिंचेनं घासायची.

पस्तीस वर्षं मी तिच्याबरोबर शेतात गेले. आमच्या रामाकोन्याच्या बगीच्यात दुपारी निंदण थांबलं की बायका संत्र्याच्या सावलीत बसत आणि मी हातोहात फिरे. भाकरी खाऊन तीन तास झालेले असत, घर अजून लांब असे. चिमूटभर तंबाखू, बोटभर चुना, तळहातावर मळून गालात धरला की भूक गप बसते, असं त्या म्हणत. फवारणीच्या दिवसांत हात धुवायलाही पाणी नसे, त्याच हातांनी मळत. जयवंता ही लीलाबाईची जिवाची मैत्रीण. ती म्हणायची, "लीले, तुही डबी म्हंजे गावची विहीर हाय. कोणीबी यावं नं भरून न्यावं."

"मंग तू तं रोज बादलीच घेऊन येतं," लीलाबाई म्हणायची. सगळ्या हसत. मलाही मोठं झाल्यासारखं वाटे. मी कोणाला काय देते आहे, हे मला कुठं ठाऊक होतं?

लीलाबाई मळलेल्या तंबाखूचा बार नेहमी डाव्या गालात धरायची. झाकण उघडून, आ करून, बोटानं नेमका त्याच जागी. त्यामुळे माझ्या आरशाला तिच्या गालाची आतली बाजू रोज दिसायची. आधी ती गुलाबी होती. मग तिथं सायीसारखा पांढरा पापुद्रा आला. लीलाबाईनंही तो एकदा पाहिला, नखानं खरवडला. तो निघाला नाही, पण दुखलाही नाही. तिनं झाकण लावलं. मला वाचा असती, तर त्या दिवशी मी ओरडले असते.

पुढं श्रावण गेला. मुलगा विजय सौंसरला तहसीलमध्ये कारकून झाला, गावातूनच जाऊन-येऊन करू लागला; शाळेत शिकवणारी उर्मिला सून म्हणून आली. लीलाबाईनं शेत सोडलं, मला सोडलं नाही. उर्मिला मोठी दक्ष बाई. पाणी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायची. पाळण्यातल्या छायाचा श्वास चालू आहे ना, हे नाकाजवळ बोट धरून बघायची. दात येताना लीलाबाई तिच्या हिरड्यांना जळक्या तंबाखूची मशेरी चोळायला निघाली, तेव्हा उर्मिलानं तिचा हात धरला.

"नको आई. ते विष आहे."

"विष हाय तं मी कशी जिती हाय वं? तुही पोरगी का काचेची हाय?"

उर्मिलानं मूल काढून घेतलं. ते विष आजही सासूच्या गालात आहे, हे तिच्या मनात आलं का? आलं असेलही. पण ती शाळेत जाई तेव्हा छायाला सांभाळणारी हीच एक होती. भांडण कोण काढणार? लसीचं कार्ड ती दर महिन्याला उघडायची, तारीख बघायची. चिठ्ठी आतच होती.

लीलाबाईनं ठेचा खाणं सोडलं. मग भाकरी दुधात कुस्करून घेऊ लागली. विजयनं विचारलं तर म्हणाली, "दात हालून राहिले, बापा. म्हातारी झाली ना आता." पापुद्र्याची जागा लाल झाली होती. तिच्या मधोमध एक खळगा पडला होता. हे फक्त मलाच दिसत होतं.

एकोणीसशे पंच्याऐंशीचा भाद्रपद. रविवारची सकाळ होती. छाया वर्षाची होऊन गेली होती. अंगणात आजीच्या मांडीवर बसून तिनं लाडानं आजीच्या तोंडात बोट घातलं. लीलाबाई कळवळली. छायाचं बोट बाहेर आलं ते लालभडक.

उर्मिला हातातलं टाकून धावली. पोरीचं बोट धुतलं, उलटसुलट करून पाहिलं. पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा उजेडात धरलं. कुठंच कापलेलं नव्हतं. मग ती तशीच उकिडवी बसून राहिली, आणि हळूच सासूकडे बघून म्हणाली, "आई, आ करा."

लीलाबाईचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या रुळांच्या गाडीनं लीलाबाई, विजय आणि उर्मिला छायाला घेऊन नागपूरला गेले. मी कनवटीला होतेच. तिथल्या डॉक्टरांनी गालाचा लहानसा तुकडा तपासायला घेतला आणि आठ दिवसांनी परत बोलावलं. परत गेल्यावर ते उर्मिलाशी बोलू लागले, तर लीलाबाई म्हणाली, "मले सांगा ना, डाक्टरसायेब. तोंड माहं हाय."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "आजी, गोधडी शिवता ना?"

"शिवतो."

"आपलं अंगही लहान लहान तुकड्यांनी शिवलेलं असतं. त्याला आम्ही पेशी म्हणतो. चुन्यानं रोज एकाच जागी थोडं जळतं. अंग ते रोज शिवून घेतं. जुन्या पेशीवरून नवी बेतायची, असं त्याचं काम. त्यात तंबाखूचं पाणी मुरलं की बेत बिघडतो. हजार वेळा शरीर ते निभावून नेतं. मग एखादी पेशी अशी बेतली जाते, की तिला थांबायचंच कळत नाही. ती शिवतच सुटते, जिथं फाटलेलं नाही तिथंही. गळ्यापर्यंत गेली आहे ती."

लीलाबाईनं गाल चाचपला. "पण दुखतच नोतं, सायेब. मंग कायले दाखवू?"

"सुरुवातीला दुखत नाही आजी. चट्टा पांढरा होता तेव्हा आला असता, तर..."

बाहेर बाकावर उर्मिलानं लसीचं कार्ड काढलं, चिठ्ठी उलगडली. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. लीलाबाई छायाच्या अंगावरून हात फिरवत होती. "तुह्या हातात लेकरू होतं," ती म्हणाली. एवढंच. तिनं रागवायला हवं होतं, असं उर्मिलाला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

डावा जबडा काढला. मग किरणांचे शेक दिले. लीलाबाई घरी आली तेव्हा छाया तिचा चेहरा पाहून आईच्या पदरात लपली. त्या दिवशी लीलाबाईनं मला उशाखालून काढलं, झाकणावरच्या आरशात स्वतःला पाहिलं, आणि मला उर्मिलाच्या हातात दिलं. बोलता येत नव्हतं. बोटानं तिनं रस्त्याच्या पलीकडं, जयवंताच्या घराकडं खूण केली. मग स्वतःच्या गालाकडं. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ती गेली.

उर्मिलानं मला उकळत्या पाण्यात टाकलं, राखेनं घासलं. इतक्या वर्षांचा चुना निघाला. आता माझे दोन्ही खण रिकामे असतात. शनिवारी शाळा सुटली की ती मला घेऊन बायकांमध्ये बसते. "आ करा मावशी. तीन बोटं आत जातात का बघा," म्हणते, आणि त्यांचा गाल त्यांनाच दाखवते. काही हसतात, काही चिडतात. दोघींच्या गालात पांढरं दिसलं. त्यांना तिनं त्याच आठवड्यात नागपूरला नेलं. त्या आज निंदायला जातात, तंबाखूवाचून.

जयवंता मात्र सापडली नाही. लीलाबाईच्या आजारपणातच तिचा जावई तिला बोरगावला घेऊन गेला होता. उर्मिलानं दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. जयवंतानं माझ्यातूनच पस्तीस वर्षं घेतलं आहे. तीही डाव्याच गालात धरायची.

मित्रांनो, मी जागची हलू शकत नाही. बोरगावकडं तुमच्यापैकी कोणाचं जाणं झालं, तर तिला शोधा. आणि तेवढं जमणार नसेल, तर आज घरी जाऊन बघा, ठेचा खाणं सोडून भाकरी दुधात कुस्करणारं तुमच्या घरात कोणी आहे का. दुखत नाही, असं ती म्हणेलच. तिला उजेडात बसवा, आणि म्हणा, आ कर.