कोठीतला खटका

माझी गाडी विकून दोन वर्षं झाली, पण भिंतीवरचा चार्जर मी काढू दिला नाही. डॉक्टरांनी डोळे तपासून लायसन्स काढून घेतलं, मुलाने दूर ट्रोम्सो शहरात बसून फोनवरच गिऱ्हाईक शोधलं आणि म्हणाला, "बाबा, चार्जरही देऊन टाक." म्हटलं, तुझा बाप अजून भिंत धरून आहे, तोही राहू दे.

त्या चार्जरमुळेच सोल्फ्रिद माझ्याकडे थांबायची. ती म्युनिसिपालटीची नर्स. दर गुरुवारी डोळ्यांत थेंब घालायला आणि पायाचं ड्रेसिंग बदलायला यायची. कागदावर मला तेरा मिनिटं मंजूर आहेत. पण तिची सरकारी इलेक्ट्रिक गाडी जुनी, थंडीत अर्धमेली व्हायची, आणि माझ्यानंतर तिला घाट ओलांडून पलीकडच्या गावात ओलाउग म्हातारीला इन्सुलिन द्यायला जायचं असे. घाटात ना चार्जर, ना वस्ती. बॅटरी साठ टक्के भरल्याशिवाय चढायचं नाही, हे मीच तिला सांगितलं होतं. म्हणून तासभर गाडी माझ्या भिंतीशी आणि ती माझ्या टेबलाशी.

शिकवलं तसं बरंच. आतली हवा तापवू नकोस, सीट तापव. निघण्याआधी वायर लागलेली असतानाच गाडी गरम करून घे, म्हणजे वीज भिंतीची जाते. चार्जिंगचं झाकण गोठलं तर ठोकू नकोस, केस वाळवायचं मशीन लाव.

"म्हाताऱ्या, तुझ्या डोक्यावर चार केस नाहीत, मशीन कशाला ठेवलंयस?"

"झाकणापुरतं, पोरी. माझ्यापेक्षा त्याला जास्त मान."

आठवड्यात मी हसायचो ते एवढंच. एरवी बोलायला रेडिओ, आणि तो मेला ऐकून घेत नाही.

नोव्हेंबरात एकदा जॅमची बरणी आणायला कोठीत गेलो. चार्जरचा खटका तिथेच आहे. बरणी घेतली आणि खटका खाली केला. ठरवून केलं असं म्हणवत नाही, पण चुकून लागला असंही नाही. अर्ध्या तासाने वाफल आणायच्या निमित्ताने जाऊन पुन्हा वर केला. तास संपल्यावर ती गाडी बघून आली.

"अजून पन्नासच!"

"थंडीत हळूच भरते," मी म्हणालो.

ती कोट काढून परत बसली. त्या दिवशी तिने घटस्फोटाचं सांगितलं, आईचं सांगितलं. मी नुसता ऐकत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. एकदा सोकावलेला हात थांबतोय थोडाच? असे पाच गुरुवार झाले.

पाचव्या गुरुवारी खटका खालीच होता आणि तिचा फोन वाजला. ऑफिसचा. वारा वाढतोय, दोन तासांत घाट बंद करतील, ताबडतोब निघ. ती बूट चढवत पळाली, गाडीत डोकावून ओरडली, "सत्तेचाळीस! मरू दे, जाते." मी दारात उभा होतो. 'थांब' म्हणायला तोंड उघडलं, आणि "हातमोजे घेतलेस ना?" एवढंच बाहेर पडलं.

खिडकीत येऊन बसलो. दुपारचे बारा, पण आमच्याकडे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, बाहेर निळा अंधार. वीस मिनिटांत समोरचा दिव्याचा खांब बर्फात दिसेनासा झाला. मी फोन लावला.

"कुठे आहेस?"

"घाटाच्या फाटकाशी. एकोणचाळीस उरलेत. हीटर बंद केलाय, पाय गोठलेत."

"मागे फिर."

"आणि तुझ्याकडे आणखी तीन तास बसू? ही गाडी भरतच नाही, हिल्मर. तोवर घाट बंद होईल आणि ओलाउग तशीच राहील. बॅटरी गेलीय, ऑफिसात कळवलंय मी."

सांगितलं तर ही पुन्हा माझ्या टेबलाशी बसणार नाही. नाही सांगितलं तर ही घाट चढणार.

"बॅटरी ठणठणीत आहे," मी म्हणालो. "मीच खटका बंद करतो. कोठीत आहे. परत ये, पाऊण तासात निघशील."

"किती वेळा?"

"तीनदा." मग म्हणालो, "पाच."

ती परत आली. वायर लावली आणि गाडीतच बसून राहिली. मी कॉफीचा थर्मास पायरीवर नेऊन ठेवला, काच वाजवायची हिंमत झाली नाही. पाऊण तास मी खिडकीआड आणि ती काचेआड, मध्ये दहा पावलं. तिने एकदाही मान वर केली नाही. निघताना झाकणाच्या कडेचा बर्फ तिने न ठोकता बोटांनी नीट काढला, मी शिकवलं होतं तसंच. थर्मास पायरीवरच राहिला.

तासाभराने फोनवर एका शब्दाचा निरोप आला: पोचले. मी भिंग लावून तो चारदा वाचला आणि लहान पोरासारखा रडलो.

आता गुरुवारी दुसराच माणूस येतो. त्याची गाडी नवी, बॅटरी मोठी, त्याला चार्जर लागत नाही. थेंब, ड्रेसिंग, "बाकी ठीक?", आणि तेरा मिनिटांच्या आत तो गेलेला असतो.

खटका वर करून मी त्यावर चिकटपट्टी लावलीय. चार्जरचा हिरवा दिवा दिवसरात्र चालू असतो. बर्फ पडला की मी फावडं घेऊन जातो आणि त्याच्यासमोर एका गाडीपुरती जागा मोकळी करून ठेवतो.