खालच्या फ्लॅटमधले पाय

दारात सकाळी पुन्हा मीठ दिसलं.

"अगं, कौन्सिलनं टाकलं असेल, बर्फ वितळायला," गिरीश बूट चढवत म्हणाला.

"आत जिन्यावर? आपल्याच उंबऱ्याला?"

"मग करणी! एम.एस्सी. ना गं तू?" हसतच तो ट्रेन गाठायला पळाला.

मला हसू आलं नाही. २००५चा डिसेंबर, इंग्लंडात कॉव्हेंट्रीतला आमचा पहिलाच. आमची वरदा सहा महिन्यांची. जन्मली तेव्हा रडली, त्यानंतर कधीच नाही. कान, घसा सगळं नॉर्मल, असं डॉक्टर म्हणाले. 'नशीबवान आहेस,' मैत्रिणी म्हणायच्या. पण अंधारून आलं की खालच्या फ्लॅटमधून धप्प, धप्प आवाज यायचा आणि वरदा कार्पेटकडे टक लावून बघायची. तिथून कुणी बोलत असावं तशी.

दुपार कलल्यावर तिला कडेवर घेऊन खालचं दार वाजवलं. बातारनं उघडलं. हा मंगोलियाचा, एकटाच राहायचा. दारभर सांगाडा आणि त्यावर सैल लोंबणारी कातडी.

"मीठ तुम्ही टाकता?"

"हो. सॉरी. बाळासाठी."

सोळाव्या वर्षी तो सुमो शिकायला जपानला गेला होता. थोरल्या पैलवानांचं रांधलं, मार खाल्ला, वरच्या गटापर्यंत चढला. "आखाड्यात मीठ फेकायचं, मग पाय आपटायचे. खाली जे असतं ते दाबायला. एकदा घाईत नीट आपटले नाहीत. गुडघा गेला. समोरच्याचा हात लागलाही नव्हता." पैलवानकीची खूण असलेली केसांची गाठ कापून त्याला निरोप दिला. "ते खालचं मात्र माझ्यामागे आलं. म्हणून रोज आपटतो."

"माझी मुलगी रडत नाही हो," माझ्या तोंडून निघून गेलं.

"जपानमध्ये आया बाळं आमच्या हातात द्यायच्या. बाळ मोठ्यानं रडलं की वाईट पळतं." त्यानं जिन्याकडे पाहिलं. "येऊ वर?"

लंगडत, कठडा धरून तो आला. खिडकीबाहेर चार वाजताच काळोख झाला होता. वरदाला उंच धरून त्यानं डोळे वटारले, डरकाळी फोडली. तिचा ओठ थरथरला. आणि ती रडली! खणखणीत, घर भरून. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

खालून आवाज आला. धप्प.

वरदाचं रडू ओसरलं. मान कार्पेटकडे वळली.

"तिला थांबू देऊ नका," बातार पुटपुटला.

धप्प. आता जिन्यावर.

मी लेकीचा दंड धरला आणि कचकचून चिमटा काढला.