गॅरेजातली लाल फरशी

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर पेट्रोल महागलं आणि नागपुरातल्या आमच्या चार जुन्या मोटारींचं मरण जवळ आलं.

आमच्या म्हणजे माझ्या नव्हे. मालक वेगळे होते. पण त्या चारही गाड्यांची इंजिनं वीस वर्षांत माझ्या हाताखालून इतक्या वेळा गेली होती की कोणती गाडी कोणत्या थंडीत खोकते, ते मालकांच्या आधी मला समजायचं. दर सव्वीस जानेवारीला धरमपेठेतून निघून त्या सीताबर्डीला वळसा घालायच्या आणि मैदानात उभ्या राहायच्या. काटोल-नरखेडकडची माणसं एस. टी. नं बघायला यायची. अकरा वर्षं हे चाललं होतं.

डिसेंबरात धरमपेठेच्या मधुकररावांनी मला बोलावलं. ते वकील. गाड्यांच्या या मेळाव्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे. तिथं इतवारीतले कापडाचे व्यापारी चंपतरावही बसले होते. चंपतरावांची गाडी चारांतली सगळ्यात मोठी, हिरवी, पुढं पितळेचे दिवे.

"यंदा बंद," चंपतराव म्हणाले. "पेट्रोल जाळून लोकायले तमाशा दाखवायचे दिवस गेले. भंगारवाला सोमवारी, अठ्ठावीसले येऊन राहिला. वजनावर नेतो म्हणते."

"वजनावर?" मी विचारलं. "शेट, तिच्या गिअरचा एकेक दात म्या घासून बसवला."

"मंग दात तू ठेवून घे."

दोघं हसले. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "साहेब, गाड्या पळवू नका. उभ्या करा. मैदान नको, मिरवणूक नको. माह्या गॅरेजात चार गाड्या मावते. लोक पाहाले येतीन. आता पुढं असंच होईन, पळती गाडी पाहाले रस्ता हायेच, जुनी गाडी जवळून पाहाले जागा लागन."

मधुकररावांनी चष्मा काढला. "नत्थूजी, तुमची कल्पना वाईट नाही. पण तुमच्या गॅरेजची जमीन! मागच्या खेपेला माझी चप्पल तिथं चिकटली आणि मी पुढं निघून आलो. बायका-मुलं कशी येतील?"

ते खरं होतं. गड्डीगोदामातलं ते जुनं कापसाचं गोदाम. मूळ कोबा चांगला, पण त्यानं वीस वर्षं काळं तेल प्यायलेलं.

"फरशी करतो," मी म्हणालो. "पंचवीस तारखेले येऊन पाहा."

"पसंत पडली तर मेळावा," मधुकरराव म्हणाले. "नाहीतर चंपतरावांचं म्हणणं खरं."

परमिटवर दहा पोती सिमेंट मिळालं. लाल रंग इतवारीतून आणला. मिस्त्री लावायचा नाही, आपणच करायचं, हे मी ठरवलं होतं. इंजिन उघडणाऱ्याला जमीन काय अवघड? मी जमीन घासलेटनं धुतली. दोन दिवस, कोपऱ्या-कोपऱ्यातून, ब्रशानं. कळकट यंत्र घासलेटनं कसं उजळतं ते मला ठाऊक होतं. जमीनही उजळली. मग दोन पोती सिमेंटात लाल रंग कालवून वरून पातळ थर दिला. वाळल्यावर काय दिसली ती! मी दारात उभा राहून बराच वेळ पाहत होतो.

संक्रांतीच्या सकाळी त्यावर पाऊल टाकलं तर टाचेखाली कर्रकन वाजलं. वाकून पाहिलं, तर हाताएवढा तुकडा सुटा झाला होता. दुसरीकडं नख लावलं, तिथंही तेच. भाजलेल्या पापडासारखी सगळी फरशी वर आली होती. खाली तेल होतं तसंच ओलं चकचकत होतं.

भीमाबाई, माझी बायको, तिळगूळ घेऊन आली. लग्नानंतर बरीच वर्षं ती शहरभर रेजा म्हणून बांधकामावर राबली होती. तिनं एक तुकडा उचलला, वास घेतला.

"काहून जी, घासलेटनं धुतली?"

"मंग कशानं धुऊ?"

"थे इंजन हाय का? इंजन धुतलं का तेल खाली गळून जाते. इथं कुठं गळन? तुमी घासलेट पाजून तेल आणखी तिच्या पोटात घातलं."

"तुले मालूम होतं तं सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं? मिस्त्री नाही पायजे, मीच करतो, असं सांगत फिरून राहिले होते. रेजाले कोण इचारते वं बाई!" तिनं तिळगूळ माझ्या हातावर ठेवला. "घ्या. अन् गोड बोला, कारण आता मी जे बोलीन थे गोड नाही राहणार."

त्या दिवसापासून गॅरेजची मालकी बदलली. मी बिगारी झालो. शेजारच्या सिंधूताई मदतीला आल्या. भीमाबाईनं आधी सुटा थर काढायला लावला, मग सगळ्या जमिनीवर चुना आणि चुलीतली राख पसरली, दोन दिवस तेल ओढू दिलं, मग झाडून बाहेर टाकली. पुन्हा पसरली. मग धुण्याचा सोडा कढत पाण्यात घालून खराट्यानं घासायला लावलं. माझ्या तळहाताची साल निघाली.

"झालं ना आता?" मी म्हणालो.

तिनं कोब्यावर पाणी शिंपडलं. दाराकडं पाणी जमिनीत मुरलं. मधल्या भागात थेंब मोत्यासारखे तसेच उभे राहिले.

"पाणी पेत नाही तं सिमेंट काय पेईन? घ्या छिन्नी."

मधला सगळा भाग टाचे मारून खरवडला. मी आणि भीमाबाई, एक छिन्नी, एक टाकी. सिंधूताई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वहिनी, तुह्या बिगाऱ्याले पान दे वं, थांबून थांबून मारून राहिला." दोघी हसल्या. मी मारत राहिलो. जितक्या वेळा हात दुखला तितक्या वेळा हिरव्या गाडीच्या पितळी दिव्यांवर घण पडताना दिसला.

एकोणीस-वीसला फरशी घातली. भिंतीकडून सुरुवात, मागं सरकत दाराशी शेवट. लाल थर ओला असतानाच भीमाबाई फळीवर उकिडवी बसून थापीनं घोटत होती. घोटता घोटता त्यात तिचा चेहरा दिसायला लागला, तेव्हा ती उठली. गुडघे धरून उठली. वीस तारखेला कडेनं मातीची आळी करून तिनं फरशीवर पाणी भरलं.

"किती दिवस?"

"सात."

मी बोटं मोजली. सत्तावीस येत होती. वाटलं, बघू.

पंचवीसला मधुकरराव आले. दारात थांबले. आत सगळं पाणी.

"हे काय? तळं केलं?"

"पाणी घातलं हाय साहेब, पक्कं व्हाले."

"बरं दिसतंय की! काढा पाणी. उद्या सकाळी गाड्या आणतो."

मी खराटा घेतला आणि आळं फोडायला वाकलो. एकच ढेकूळ सारायचं होतं. भीमाबाई समोर येऊन उभी राहिली.

"नाही निघत पाणी."

"अवं, साहेब सोता..."

"साहेब, तुमी मोठे माणूस हा." ती त्यांच्याशीच बोलली. "लोकायच्या घरी म्या लय फरशा केल्या. मालक घाई करे, मिस्त्री पाणी काढे, अन् सा महिन्यानं भेग पडली का नाव रेजाचं घेत. ही फरशी माही हाय. हिच्यावर सात दिवस पाणी राहीन. मेळावा होवो का न होवो."

मधुकरराव माझ्याकडं बघत होते. माझ्या हातात खराटा. डोळ्यांपुढं सोमवार होता, भंगारवाला होता. उद्याच्या गाड्या हातच्या जात होत्या. पण पापडासारखी उचकटलेली ती पहिली फरशीही मला दिसली, माझ्या घाईची. मी खराटा भिंतीला टेकवला.

"साहेब," मी म्हणालो, "सत्तावीसले रविवार हाय. सुट्टीच हाय."

"अकरा वर्षं सव्वीसलाच होतोय मेळावा."

"बारावा सत्तावीसले. नाही जमत तं नाही. पण पाणी नाही काढत."

मधुकरराव उकिडवे बसले. कोटाची बाही सावरून त्यांनी बोट पाण्यात बुडवलं आणि खालच्या लाल फरशीवरून फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"नऊ वाजता," उठत ते म्हणाले. "नऊ म्हणजे नऊ."

रविवारी पहाटे पाणी काढून फरशी कोरडी केली. नऊला चारही गाड्या गल्लीत येऊन उभ्या. भीमाबाईनं तिथंच हुकूम सोडला, इंजिन बंद, ढकलत आणा. गल्लीतली माणसं पुढं झाली. गाडीला कधी हात न लावलेली माणसं, त्यांनी गाड्या खांद्यानं आत लोटल्या. एकेका इंजिनाखाली तिनं वस्तीतून मागून आणलेली परात सरकवली. चंपतरावांच्या गाडीनं लगेच थेंब टाकला, टप्प. परातीवर सिंधूताईंचं नाव कोरलेलं होतं.

"शेट, तुमची गाडी आमच्या घरी जेवून राहिली," सिंधूताई म्हणाल्या.

लोक यायला लागले. पहिली एक म्हातारी आली. तिनं दारातून लाल फरशी पाहिली, चपला बाहेर काढल्या आणि आत गेली. तिच्या मागच्यानं काढल्या. मग सगळ्यांनीच. वीस वर्षं ज्या जागेत मी बूट घालूनही पाय जपून टाकायचो, तिथं मधुकरराव मोज्यांवर हिंडत होते आणि चंपतराव अनवाणी, गाडीचा दिवा आपल्याच उपरण्यानं पुसत. दुपारपर्यंत गल्लीत चपलांचा ढीग झाला.

सोमवारी सकाळी भीमाबाई फरशी पुसत होती. गाड्या संध्याकाळी न्यायच्या होत्या. दारात एक माणूस हातगाडी लावून उभा राहिला. कमरेला वजनकाटा. मी ओळखलं. भंगारवाला.

"चंपतराव शेटची हिरवी गाडी इथंच हाय ना?"

"हाय," मी म्हणालो. "शेटनं पाठवलं?"

"शेटनं तं सकाळीच नाही म्हणून सांगितलं. देतच नाही म्हणते आता." तो आत डोकावला. "म्हटलं, असं काय हाय तिच्यात, पाहून तं घ्यावं."

भीमाबाईनं फडकं पिळलं आणि मान वर केली.

"पाय ना, खुशाल पाय. चपला तिकडं काढ."